सरवरक

मराठीत पुस्तकाच्या पहिल्या, बाहेरच्या पानाला मुखपृष्ठ म्हणतात. उर्दूत त्याला सरवरक म्हणतात. एका भाषेने पुस्तकाला तोंड दिले, दुसरीने डोके. 'सर' म्हणजे डोके आणि 'वरक' म्हणजे पान. मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख आणि हा वरक एकच. वर्गात हे सांगितले की मुले हमखास विनोद करतात, 'सर, म्हणजे सरवरक तुमचे पान!' हसून झाले की एखादे विचारते, तोंड तर डोक्यालाच असते, मग फरक काय? फरक आहे. तोंड दुसऱ्याने पाहण्यासाठी असते. आपले आपल्याला आरशाशिवाय दिसत नाही. डोके मात्र स्वतः वागवावे लागते आणि ते कोणापुढे झुकवायचे, कोणापुढे नाही, हेही स्वतःच ठरवावे लागते.

पुस्तक स्पर्धेला जाते तेव्हा या दोन शब्दांतले अंतर एकदम अंगावर येते. स्पर्धेत उतरणाऱ्याने परीक्षकाला ओळखता येईल असे तोंड घेऊन जावे, की परीक्षकाने समोर आलेले तोंड कुठे आहे ते शोधावे? समजून घेतले जाण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर? प्रश्न लहान मुलांच्या हस्तलिखितावरून निघाला आहे, पण तो हस्तलिखितापुरता नाही. मुस्लिम मराठी साहित्याच्या पानांवर त्याची चर्चा व्हावी असे आम्हाला वाटते, कारण १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारत आलो आहोत.

आधी घडले ते सांगतो. आमची शाळा रायगडच्या किनाऱ्यावर, उर्दू माध्यमाची. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात आणि एसटीत मराठी, आणि वडील आखातात असतील तर फोनवर तिन्हींची खिचडी, अशी आमची मुले. जिल्ह्यातील एका संस्थेने शालेय हस्तलिखितांची स्पर्धा जाहीर केली. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. हेतू चांगला होता आणि काम करणारी माणसे विनामूल्य राबत होती. परिपत्रकात स्पष्ट लिहिले होते की कोणत्याही माध्यमाच्या शाळेने भाग घ्यावा. शंभर गुणांपैकी पंचवीस मुखपृष्ठाला. मुखपृष्ठ मुलांनीच केलेले असावे आणि चित्रकाराचे नाव अर्जात द्यावे.

साल २०२२. करोनामुळे बंद राहिलेली शाळा पुन्हा नियमित भरू लागली होती. मुलांनी अंकाचा विषय निवडला 'तुफान'. आम्हाला तो सुचवावा लागला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. घरांची कौले आणि पत्रे उडाले, शाळांची छपरे गेली, आणि मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्यांनी पोफळ लावली आहे त्यांना हे सांगायला नको की नवे रोप लावल्यावर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे जातात. झाड पडले म्हणजे त्या घराची तेवढी वर्षे पडली. मुलांनी आजोबांना विचारून, वाडीत जाऊन, किती झाडे गेली, विम्याचे काय झाले, वीज किती दिवस नव्हती, हे सगळे लिहून आणले. अठ्ठेचाळीस पाने उर्दू, सोळा पाने मराठी. पाने मुलांनीच शिवली, खळ लावून कार्डशीटचा पुठ्ठा चढवला.

मुखपृष्ठावर एक पोफळ होती. मुळासकट उपटलेली, आडवी, आणि तिच्या बुंध्यावर बसून एक बाई शिरा सोलून झाडू बांधते आहे. एवढेच. आठवीतल्या मुलीने काढलेले चित्र, पण झाडाच्या मुळांना लागलेली माती तिने काळ्या-तांबड्या रंगात अशी उभी केली होती की हात लावून पाहावेसे वाटे. वर नस्तालीकमध्ये एकच शब्द.

निकालाबरोबर गुणपत्रक आले. अंतरंगाचे कौतुक होते. मुखपृष्ठाला पंचवीसपैकी चार गुण आणि शेरा: कल्पनाशून्य, केवळ शाळेचा शिक्का. आम्ही गुणपत्रक पुन्हा पुन्हा वाचले, मग उलगडा झाला. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. परीक्षकांनी ते सवयीप्रमाणे डावीकडून हातात घेतले होते. त्यांना दिसले ते मागचे पान: निळा कोरा पुठ्ठा आणि त्यावर शाळेचा शिक्का. पोफळ टेबलाला टेकून खाली पालथी पडली होती.

आम्ही फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते, वाईटही वाटले त्यांना. निकाल मात्र बदलता येणार नाही म्हणाले, आणि मग सहज बोलून गेले, 'सर, तुमचे पुस्तक उलटे आहे हे आम्हाला कसे कळणार?'

'उलटे' हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नव्हता, म्हणूनच त्याचा विचार करायला हवा. आमच्या बोलण्यात सीधा हाथ म्हणजे उजवा आणि उलटा हाथ म्हणजे डावा. त्या हिशोबाने उलट्या बाजूने पुस्तक त्यांनीच उघडले. म्हणजे दोन माणसे एकाच वस्तूकडे पाहून एकमेकांना उलटे म्हणताहेत, आणि दोघेही आपापल्या भाषेत बरोबर आहेत. हे असेच सोडून द्यावे का? दोन्ही बाजू बरोबर, म्हणून वाद मिटला? नाही मिटत, कारण दोघांपैकी एकाच्या हातात गुणांची पेन्सिल आहे.

उजवी-डावीची ही गोष्ट आमच्या मुलांना अवघड वाटत नाही, हेही सांगायला हवे. बालभारतीचे उर्दू माध्यमाचे गणिताचे पुस्तक घ्या. पुस्तक उजवीकडून उघडते, मजकूर उजवीकडून डावीकडे जातो आणि मध्येच समीकरण आले की ते डावीकडून उजवीकडे धावते. उर्दू वाक्यात साल लिहायचे झाले तरी आकडे डावीकडूनच मांडले जातात. दहा वर्षांचे पोर एका ओळीत दोनदा दिशा बदलते आणि त्याला ते जाणवतही नाही. तासाला मराठीचे पुस्तक काढले की ते पोर निमूटपणे दुसऱ्या बाजूने उघडते. तेव्हा उलटून पाहण्याचे कसब आमच्याकडे आहे, ते रोज वापरले जाते. प्रश्न आहे तो फक्त एका बाजूनेच वापरावे का, याचा.

शिक्षककक्षात दोन मते पडली. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, पुढच्या वेळी एक चिठ्ठी चिकटवा, बाण काढा, 'येथून उघडा' असे लिहा. बिस्किटाच्या पुड्यावर असते ना, तसे. त्यात कमीपणा कसला? माणसाने समोरच्याची सोय पाहावी, हाच अखलाक. दुसऱ्या एका तरुण शिक्षिका त्यावर भडकल्या. त्यांचे म्हणणे, मराठी शाळेच्या हस्तलिखितावर कोणी बाण मागितला का? ज्या एकाच गटाला स्वतःच्या तोंडावर 'हे तोंड आहे' अशी पाटी लावावी लागते, त्याला बरोबरीने बोलावले आहे असे म्हणता येत नाही.

आम्हाला वाटते, दोघांच्याही म्हणण्यात सत्य आहे, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. चिठ्ठी लावणे चांगले का, हा एक प्रश्न. चिठ्ठी न लावल्याबद्दल गुण कापणे न्याय्य का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हो असले तरी दुसऱ्याचे हो होत नाही. शेजाऱ्याने सलाम करावा हे चांगले. न केल्यास त्याचे पाणी तोडावे, हे नव्हे. सौजन्य आणि कर्ज यांची गल्लत झाली की नेहमी दुबळ्या बाजूचे सौजन्य कर्ज म्हणून वसूल केले जाते.

आणि येथे यजमान कोण, पाहुणा कोण, हेही पाहिले पाहिजे. परिपत्रकात 'कोणत्याही माध्यमाची' असे शब्द होते. ते शब्द म्हणजे आमंत्रण. आमच्याकडे लग्नाची दावत असो की एखाद्या हिंदू मित्राला ईदला घरी बोलावणे असो, पाहुणा काय खातो, काय खात नाही, हे बोलावणारा आधी विचारतो. पाहुण्याने दारावर पाटी लावून यावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. परीक्षकांनी उर्दू शिकावी असे आमचे म्हणणे नाही. अंतरंग त्यांनी कोणा जाणकाराकडून वाचून घेतले होते, त्याबद्दल शुक्रगुजार आहोत. मुखपृष्ठासाठी तर वाचण्याचीही गरज नव्हती. नुसते उलटायचे होते.

अरबी कोशकारांनी जुल्म या शब्दाची एक जुनी व्याख्या दिली आहे. वस्तू तिच्या जागी न ठेवता भलत्याच जागी ठेवणे म्हणजे जुल्म. आपण हा शब्द तलवारी आणि बादशहांसाठी राखून ठेवला आहे. कोशकारांनी तो पार घरगुती करून ठेवला होता. या व्याख्येत क्रौर्य लागत नाही, वाईट हेतू लागत नाही. मागचे पान पुढे धरणे एवढेही पुरते. आणि अद्ल, म्हणजे न्याय, हा त्याच्या विरुद्ध: जे जिथले, ते तिथे ठेवणे. एवढ्याशा गोष्टीला जुल्म म्हटले तर लोक हसतील, आणि हसावेच. पण शब्द लहान गोष्टींत घासून पाहिला की तो मोठ्या गोष्टींत कसा चालतो ते कळते.

याला एक चांगला आक्षेप आहे. परीक्षकाने सगळ्यांना एकच माप लावले, तीसच्या तीस हस्तलिखिते एकाच हाताने, एकाच बाजूने उचलली, मग पक्षपात कुठे झाला? पक्षपात झाला नाही, हे आम्हीही मानतो. पण फूटपट्टीलाही शून्य असते आणि ते एका टोकाला असते. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली हे खरे. शून्य कुठे ठेवायचे ते कोणी ठरवले, हे विचारायचे राहिले. समान वागणूक आणि न्याय या दोन गोष्टी बहुतेक वेळा हातात हात घालून चालतात, म्हणून त्या एकच आहेत असे वाटते. उर्दू हस्तलिखितासारखी एखादी वस्तू वाटेत आली की त्यांचे हात सुटतात.

या सगळ्या चर्चेत मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी आम्हाला वेगळ्याच ठिकाणी पकडले. ते म्हणाले, मुलांना बक्षिसाच्या मागे लावताच कशाला? दिखाव्यासाठी केलेल्या कामाला अल्लाहच्या दरबारात किंमत नाही. त्यांनी ती हदीस सांगितली, ज्यात आलिम, शहीद आणि दानशूर अशा तिघांचा हिशोब पहिल्यांदा होतो आणि तिघेही लोकांच्या वाहवेसाठी केले म्हणून नापास होतात. हदीस सहीह मुस्लिममधली आहे, थट्टेने उडवण्यासारखी नाही. पण कुरआनात भल्या कामांत एकमेकांच्या पुढे जाण्याचीही आज्ञा आहे. मग शर्यत वाईट कशी? आम्ही बराच विचार केला तेव्हा असे दिसले की त्या शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा अशा तीनच खुर्च्या नाहीत. एकाने भले केले म्हणून दुसऱ्याची जागा कमी होत नाही. मानवी स्पर्धेत खुर्च्या मोजक्या असतात, म्हणून तिच्यात हेतू बिघडण्याची वाट जवळची. तरीही मुलाने आपले काम चार परक्या माणसांच्या टेबलावर ठेवावे यात आम्हाला शिक्षण दिसते. आपल्याच मोहल्ल्यात वाहवा घेत राहणे हादेखील रियाच आहे, फक्त स्वस्तातला.

स्पर्धा आणि पुस्तक यांचा संबंध आपल्या इतिहासात जुना आहे. अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त लिहितो की चित्रशाळेतले काम दर आठवड्याला दारोगे बादशहापुढे मांडत आणि कामाच्या दर्जाप्रमाणे बक्षीस मिळे, पगार वाढे. दसवंत हा पालखी उचलणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढत असे, तेथून अकबराच्या नजरेत आला आणि पहिल्या रांगेचा चित्रकार झाला. महाभारताचा फारसी अनुवाद झाला, रज्मनामा, त्यातल्या कितीतरी चित्रांची रचना त्याची आहे. पुढे त्याच्या मनाचा तोल गेला आणि त्याने स्वतःचा जीव घेतला, हेही अबुल फजलनेच नोंदवले आहे. कहाराच्या मुलाचे काम बादशहापुढे मांडले गेले, याचे मोल आम्हाला मोठे वाटते. अर्जावर आडनाव वाचून सुरुवात होत नव्हती. आधी चित्र समोर येई.

पण त्या चित्रशाळेची दुसरी एक रीत आम्हाला जास्त कामाची वाटली. अकबरकालीन पोथ्यांत चित्राच्या खाली समासात कारकुनाने नावे लिहिलेली सापडतात. एकच नाव नाही. तर्ह अमक्याची, म्हणजे रचना. अमल तमक्याचा, म्हणजे रंगकाम. आणि कधी चेहरे काढणाऱ्या तिसऱ्याचे नाव वेगळे. जहांगीरला तर गर्व होता की एका चित्रात चेहरा एकाचा आणि डोळे-भुवया दुसऱ्याच्या असल्या तरी आपण दोघांना ओळखू. त्याआधी हेरातच्या बिहजादने १४८८च्या 'बोस्ताँ'मध्ये सही केली ती बंदा बिहजाद अशी, शोधावी लागेल एवढ्या बारीक अक्षरांत. नाव लिहावे आणि मिरवू नये, ही कसरत त्याला साधली होती.

आपल्या काळातही हे धागे आहेत. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. त्यांची मुखपृष्ठे पाहून अंक घेणारे वाचक होते. उर्दू पुस्तकात कातिबचे नाव छापण्याची रीत होती. १९९४ साली इनपेज आले, बोरूने लिहिणारे कातिब हळूहळू घरी बसले, आणि त्या जागी संगणकावर जुळवणी करणाऱ्याचे नाव येऊ लागले, कधी तेही नाही. आमच्याच किनाऱ्याचे उदाहरण द्यायचे तर जंजिऱ्याच्या नाझली बेगमच्या बहिणीचे, अतिया फैजी यांचे. त्यांच्या संगीतावरच्या १९१४च्या इंग्रजी पुस्तकातली चित्रे त्यांचे पती सॅम्युएल रहामीन यांनी काढली. ते मूळचे पुण्याचे बेने इस्रायल. लग्नानंतर दोघांनी एकमेकांचे नाव आपल्या नावाला जोडले आणि दोघेही फैजी-रहामीन झाले. लेखिका आणि चित्रकार यांनी एकमेकांना इतके मोकळेपणाने वाटून दिलेले नाव आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही.

स्पर्धेच्या अर्जात मात्र 'चित्रकाराचे नाव' यासाठी एकच ओळ होती. आमचे सरवरक चौघांचे होते. आडव्या पोफळीची कल्पना एका मुलाची, तो वाडीवाल्याचा नातू. चित्र त्या मुलीचे. नस्तालीक लिहिणारा तिसराच, ज्याचे अक्षर पाहून आम्हाला आपल्या फळ्यावरच्या अक्षराची लाज वाटते. आणि पुठ्ठा चढवणारी चौथी. चित्र काढणारीला विचारले तर ती म्हणाली, झाडू बांधणारी बाई तर तिची आजी आहे, मग तिचेही नाव घाला. मुलांना मालकी कळत नाही असे आपण म्हणतो. त्यांना ती आपल्यापेक्षा जास्त बारकाईने कळते.

एक गोष्ट राहिली. निकाल लागल्यावर एका हितचिंतकाने सल्ला दिला होता: पोफळ वगैरे ठीक आहे, पण उर्दू शाळेचे काम आहे हे एका नजरेत कळले पाहिजे, एक मिनार, एक चंद्रकोर, टोपी घातलेले मूल काढा, परीक्षकांना लगेच पटेल. सल्ला प्रेमाने दिला होता आणि तो खोटाही नव्हता. कदाचित गुण मिळालेही असते. आफ्रिकेतल्या लेखकांची तक्रार असते की कादंबरी कसलीही असो, बाहेर प्रकाशक काटेरी बाभूळ आणि मावळता सूर्यच छापतात. मुस्लिम बाईने काही लिहिले की बुरख्यातले दोन डोळे ठरलेले. वाचकाला लगेच ओळख पटते, हे त्याचे समर्थन. पण ओळख कोणाची पटते? आत जे आहे त्याची नव्हे; वाचकाच्या मनात आधीपासून जे आहे त्याची.

मिनार काढू नये असे आम्ही म्हणत नाही. वादळात मशिदीचे पत्रे उडाले असते आणि मुलांनी त्यावर लिहिले असते तर मिनार त्या पुठ्ठ्यावर हक्काने आला असता. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ साली आली. ती कोकणातल्या एका गावाची, त्यातल्या मुसलमानांची आणि हिंदूंची गोष्ट आहे. तिच्या बाहेर चंद्रकोर चिकटवली तर अर्धे गाव पुठ्ठ्याबाहेर राहील. पुस्तकाचे बाहेरचे पान आतल्या पानांच्या वतीने गवाही देते. गवाही गुणांसाठी बदलली की ती गवाही राहत नाही, मग ती कितीही सुंदर रंगवलेली असो. आमच्या अंकात चौसष्ट पाने पोफळीची, पत्र्यांची, विजेची आणि विम्याची होती. आजीच्या डोक्यावर पदर होता, कारण आजी डोक्यावर पदर घेते. तेवढी ओळख पुरेशी होती.

पुढच्या वर्षी परिपत्रक आले तेव्हा मुलांनी आमची सभा होऊ दिली नाही, स्वतःच ठरवले. मराठी पाने या वेळी मागे न टाकता डावीकडून सुरू केली, उर्दू उजवीकडून, आणि दोन्ही मजकूर मध्ये भेटतात. विषय होता मासेमारी, म्हणून मचव्याचे एकच चित्र पुठ्ठाभर पसरवले. नाळ एका बाजूला, वरामा दुसऱ्या बाजूला. तरुण शिक्षिकांना ही तडजोड वाटली. ज्येष्ठांना बाण नाही याचे वाईट वाटले. आम्ही मुलांना एवढेच विचारले की हे परीक्षकांसाठी केले का. लिहिणारा मुलगा म्हणाला, नाही सर, मचवा एका पानात मावत नव्हता.

अर्जात नावाची ओळ पुन्हा एकच होती. आम्ही समासात चार ओळी आखून घेतल्या: तर्ह, अमल, खत, जिल्द. चार नावे मुलांनी आपल्या हाताने लिहिली, दोन उजवीकडून, दोन डावीकडून, आणि लिफाफा अलिबागच्या एसटीत चढवला.